नळीचे माप



संघटनेच्या कामासाठी वणी तालुक्यातील एका गावी मुक्कामाला होतो. रात्रभर जागलीवर डबे वाजवूनही रानडुकरांनी त्या घरची तूर उलथून टाकली होती. घरात आजोबांच्या वेळची, परवान्याची ठासणीची बंदूक. घरधनी म्हणाला, "भाऊ, हिची नळी बदलून काडतुसाची बसवून भेटते का?" त्याला उत्तर द्यायला मला दीडशे वर्षे मागे जावे लागले.

प्रथम कारागिरीची बाजू पाहू. रायफलीची नळी सहसा आट्यांनी बसविलेली असते. ती काढून दुसऱ्या मापाची बसविणे हे कुशल टर्नरचे काम. नव्या काडतुसाचे घर नळीत अचूक कापावे लागते. बोल्ट मिटल्यावर काडतुसामागे जास्त फट राहिली, तर पितळी कवच फाटून जळता वायू बार काढणाऱ्याच्या तोंडावर येतो. पंपाच्या रायफलीत अडचण आणखी वाढते. कारण तिचा पुढचा दस्ता नळीखाली मागेपुढे सरकून बोल्ट चालवितो, आणि नवी नळी त्याच्याशीही जुळावी लागते. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १९५२ साली अशी एक रायफल बाजारात आणली. ती अनेक मापांत मिळे, आणि कोणती शिकार करायची हे पाहून गिऱ्हाईक माप निवडी.

आपल्याकडे मात्र माप सरकारने ठरविले. सत्तावन्नच्या उठावाची धास्ती मनात होतीच. १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली. युरोपियनांना त्यातून सूट होती. पुढे १९०५ साली आपल्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. त्याच दशकात सरकारने खुद्द गोऱ्या शिकाऱ्यांच्या ४५० मापाच्या रायफलींवरही बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचे माप तेच होते, आणि शिकाऱ्याचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाईल अशी भीती होती. इंग्लंडच्या कारखानदारांनी लगेच ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी नवी मापे काढली. वाघ होता तोच होता. नळी तेवढी किंचित रुंद झाली.

लष्कराची 'थ्री नॉट थ्री'ही खासगी माणसाला बंद होती. म्हणून तशाच बनावटीची, पण ३१५ मापाची शिकारी रायफल पुढे आली. स्वातंत्र्यानंतरही बंगालमधील इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात ती तयार होत राहिली.

याच कारखान्यातील आणखी एक काम मला कामगार म्हणून फार बोचते. दहा गोळ्यांच्या थ्री नॉट थ्री रायफलीची नळी पेच काढून गुळगुळीत व रुंद करावयाची, म्हणजे ४१० माप झाले. आणि पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसवावयाचा, म्हणजे एका वेळी एकच बार निघे. ही 'मस्केट' पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी होती. पहारेकऱ्याची बंदूक उलटली वा चोरीस गेली, तरी ती लष्करी रायफलीइतकी धोक्याची ठरू नये हा हेतू. कामगाराने आपले सारे कसब लावून चांगले हत्यार अधू करावे, आणि ते आपल्याच भावाच्या खांद्यावर द्यावे! सरकारचा ज्याच्यावर जितका विश्वास, तितकीच त्याच्या हातातल्या नळीची ताकद.

स्वराज्यात १९५९ चा हत्यार कायदा आला. त्यात पीकरक्षणासाठी शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती ठासणीची बंदूक. मात्र ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, अशी पुस्ती तेथेच आहे. ती वाचून दाखविणारा मात्र गावात कोणी नसतो.

मी त्या घरधन्याला सांगितले, "दादा, ठासणीच्या बंदुकीला काडतुसाची नळी बसविणे म्हणजे नवी बंदूक घडविणेच. परवान्यावाचून ते करील तो लोहार तुरुंगात जाईल, आणि बार काढताना तुमचा डोळाही जाईल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे डुकराला मारण्याची परवानगी वेगळी काढावी लागते." मग कंदिलाजवळ बसून आम्ही दोन अर्ज लिहिले. एक पिकाच्या नुकसानभरपाईचा आणि दुसरा त्या पुस्तीखाली बंदुकीचा. दुसऱ्या अर्जात कायद्याचे कलम त्याने स्वतःच्या हाताने लिहिले.