आधी बिऱ्हाड, मग घर

गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी एक तरुण जोडपे आमच्या कार्यालयात आले. यजमानांची नाशिकहून बदली झाली होती. वांद्रे-कुर्ला संकुलातील एका कचेरीत त्यांना महिन्याभरात रुजू व्हायचे होते. बाई शिक्षिका, कडेवर तीन वर्षांची मुलगी. यजमानांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. डाव्या बाजूस वांद्रे, सांताक्रूझ, ओर्लेम, बोरिवली, मीरा रोड, वसई अशी नावे आणि त्यांपुढे किंमत, भाडे, शाळा, स्टेशन, पाणी असे रकाने आखलेले होते. "फादर, बँक कर्ज द्यायला तयार आहे. पंधरा दिवसांत फ्लॅट ठरवून टाकायचा विचार आहे. तुम्हीच सांगा, घर कुठे घ्यावे?"

या विषयात आमच्याइतका अडाणी मनुष्य शोधून सापडणार नाही. बदलीच्या पत्रात ज्या धर्मग्रामाचे नाव असेल, तेथे आमचे घर. तरीही इतिहासाची पुस्तके चाळण्याचा आम्हांस जुना नाद आहे आणि तो कागद पाहताच आमच्या मनात आले की, हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गिरगाव, कावेल, माझगाव या भागांतील कॅथलिक कुटुंबांपुढे उभा होता. त्यांनी त्याचे उत्तर वांद्र्यात शोधले. ते उत्तर कसे घडले आणि त्यात काय चुकले, हे वाचकांपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेख.

वांद्रे हे मूळचे मुंबईबाहेरचे, साष्टी बेटाच्या दक्षिण टोकावरचे गाव. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. येशूसंघीय धर्मगुरूंनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे संत आंद्रियाचे मंदिर उभारले. रनवार, वारोडे, शेर्ली, राजन, पाली, चिंबई अशा पाखाड्यांत शेतकरी, कोळी आणि कारागीर राहत. घराला पडवी, दारात विहीर, नाक्यावर क्रूस आणि मागे भाताची खाचरे, असे ते चित्र. माहीमच्या खाडीपलीकडे जायचे तर होडीखेरीज उपाय नव्हता. १८४५ मध्ये अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून माहीमचा बंधारा पुरा झाला. १८६४ मध्ये गुजरातकडून आलेला लोहमार्ग ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईस जाणारी गाडी वांद्र्यास थांबू लागली. १८७६ मध्ये येथे स्वतंत्र नगरपालिकाही आली. एवढ्या सोयी होऊनही शहरातील चाकरमानी येथे वस्तीला येण्यास उत्सुक नव्हता. मोत माउलीच्या जत्रेस सप्टेंबरात यावे, नवस फेडावा आणि परत जावे, एवढाच बहुतेकांचा संबंध.

हे चित्र बदलले ते एका संकटाने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २० हजार होती. १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली. कोणी कोकणात गेले, कोणी घाटावर. ज्यांना नोकरी सोडणे शक्य नव्हते, त्यांनी रोज गाडीने परतता येईल असे ठिकाण शोधले. कॅथलिक कारकून, तारखात्यातील आणि रेल्वेतील नोकर यांना वांद्रे सोयीचे वाटले, ते याच कारणाने.

मोकळी हवा हे वांद्र्याचे मोठे आकर्षण होते. परंतु प्लेगने तेथेही गाठले. पाखाड्यांतून त्या काळी उभारलेले क्रूस त्याची साक्ष देतात. म्हणजे ज्या एका गुणासाठी माणसे आली, तोच गुण अपुरा ठरला. तरीही पुष्कळ जण तेथेच राहिले. का राहिले? आमच्या समजुतीप्रमाणे त्याची कारणे हवेत नसून रोजच्या जगण्यात होती. पायी जाता येईल इतक्या अंतरावर देऊळ होते. मुलांसाठी १८६३ मध्ये स्थापन झालेली संत स्टॅनिस्लॉसची संस्था होती, मुलींसाठी डॉटर्स ऑफ द क्रॉस भगिनींचे संत जोसेफ कॉन्व्हेंट होते. स्टेशन जवळ होते. आणि अडीअडचणीला हाक मारावी असे शेजारी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्लेग आला १८९६ मध्ये. कॅथलिकांची मोठी गृहनिर्माण संस्था वांद्र्यात निघाली १९१८ च्या सुमारास. मध्ये वीस-बावीस वर्षे गेली. या काळात आलेल्यांपैकी बहुतेकांजवळ जमीन घेण्याइतका पैसा नव्हता. कोणी पाखाडीतल्या घराची माडी भाड्याने घेतली, कोणी दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटले. कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात आटते, कोणता रस्ता पावसात बुडतो, कोणता वाणी उधारीवर देतो, हे सारे त्यांना बिऱ्हाडकरू म्हणूनच कळले असणार. घर बांधण्याची वेळ आली तेव्हा गाव त्यांच्या परिचयाचे झाले होते.

पैशाचा प्रश्न सुटला तो सहकाराने. १९०४ च्या कायद्याने पतपेढ्यांना मान्यता दिली आणि १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही दार उघडले. रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वतांची गृहनिर्माण संस्था निघाली. त्याच वाटेने वांद्र्याची साल्सेट कॅथलिक गृहनिर्माण संस्था आणि सांताक्रूझची विलिंग्डन कॅथलिक वसाहत पुढे आली. अशा संस्थांची रीत सरळ होती. सभासदांनी भाग घ्यायचे, संस्थेने एकगठ्ठा जमीन मिळवायची, रस्ते आखून भूखंड पाडायचे आणि ते सभासदांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यायचे. एकट्या कारकुनाला जी जमीन स्वप्नातही परवडली नसती, ती शंभर कारकुनांना मिळून परवडली. व्हरांडा, कौलारू छप्पर आणि पुढे चार झाडे असलेले बंगले उभे राहिले. वांद्र्याच्या त्या भागात आजही सेंट मार्टिन, सेंट लिओ, सेंट सिरिल, सेंट सेबॅस्टियन अशा नावांच्या रस्त्यांवरून हिंडता येते. प्लेगात ज्या संताचा धावा केला जाई, तो सेबॅस्टियन पाटीवर वाचून आम्ही प्रत्येक वेळी क्षणभर थांबतो.

एवढे लिहून थांबलो तर तो इतिहास न होता गौरवग्रंथ होईल. या चित्राला दुसरी बाजू आहे. ज्या भूखंडांवर बंगले उठले, ती पाखाड्यांतील ईस्ट इंडियन शेतकऱ्यांची खाचरे होती. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली वांद्र्यात योजना आखल्या गेल्या आणि शेताचे बांध जाऊन त्या जागी रस्त्यांच्या रेषा आल्या. शेतकऱ्याला पैसा मिळाला, पण त्याची शेती संपली आणि एक-दोन पिढ्यांत त्याचा मुलगाही कारकून झाला. नव्याने आलेले आणि मूळचे, दोघेही एकाच वेदीपुढे गुडघे टेकत असत. तरी इंग्रजी बोलणारा बंगलेवाला आणि मराठी बोली बोलणारा पाखाडीकर यांच्यातील अंतर एका धर्माने पुसले गेले नाही.

शिवाय या संस्थांनी सभासदत्व आपापल्या समाजापुरते ठेवले. त्या काळी सारस्वत, पारशी, कॅथलिक सर्वांनी तेच केले. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अशा उपविधीस मान्यता दिली. कायद्याने जे चालते ते मनालाही चालावे असे मात्र नाही. आज आमच्याच धर्मग्रामातील तरुण जोडप्यांना, "तुम्ही मांसाहारी, तुम्हांला खोली देता येत नाही," असे उत्तर शहरात ठिकठिकाणी मिळते आणि ते व्यथित होऊन आमच्याकडे येतात. त्यांचे सांत्वन करताना आमच्या आजोबांच्या पिढीने घातलेली कुंपणे आम्हांस आठवतात आणि बोलताना जीभ जड होते.

पुढची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. बिऱ्हाडकरू सुरक्षित झाला, पण मालकाने भाड्याने जागा देणे सोडले आणि पागडी माजली. १९५० मध्ये वांद्रे मुंबई महापालिकेत आले. १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. एकेक करून बंगले पडू लागले आणि त्यांच्या जागी इमारती चढल्या. ज्या जमिनीसाठी शंभर कारकून एकत्र आले होते, तिच्यावरची एक सदनिका घेणे त्यांच्या नातवांना आवाक्याबाहेर गेले. नातवंडे ओर्लेमला गेली, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत गेली, मग मीरा रोड, भाईंदर आणि वसई. वसईत पुन्हा खाचरे होती, बावखले होती, फुलांच्या आणि केळीच्या वाड्या होत्या. तेथील माणसांना वांद्र्याचे जे झाले ते दिसत होते. म्हणूनच ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. उपनगराचा प्रत्येक नवा रहिवासी कोणाच्या तरी शेतात राहायला येतो, हे वांद्र्याने विसरायला लावले होते. वसईने ते पुन्हा मोठ्याने सांगितले.

हे सारे त्या जोडप्याला आम्ही चहाच्या दोन पेल्यांच्या अवधीत सांगितले. यजमान शहाणे होते. घड्याळाकडे एकदाच पाहिले. शेवटी त्यांच्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूस आम्ही चार ओळी लिहून दिल्या.

पहिली : पंधरा दिवसांत घर घेऊ नका. अकरा महिन्यांच्या करारावर बिऱ्हाड करा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा तेथे काढा. दुसरी : स्टेशनचे अंतर नकाशावर मोजू नका, सकाळी आठच्या गाडीत मुलीला घेऊन एकदा चढून पाहा. तिसरी : विकत घेताना भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, जुन्या इमारतीची जमीन संस्थेच्या नावावर झाली आहे काय, बांधकाम नवे असल्यास महारेराकडे नोंदले आहे काय, हे वकिलाकडून पाहून घ्या. चौथी : त्या गावात आधीपासून कोण राहते, त्यांना जाऊन भेटा.

बाईंनी चौथी ओळ पुन्हा वाचली. "फादर, किंमतीच्या रकान्याशेजारी हा रकानाच नव्हता," त्या म्हणाल्या.

त्यांनी वसईस एका जुन्या इमारतीत बिऱ्हाड केले. मार्च महिन्यात बाईंचा दूरध्वनी आला. पसंत पडलेल्या नव्या संकुलात एप्रिलपासून पाण्याचा टँकर लागतो असे कळले होते, तेव्हा तो विचार त्यांनी सोडला. रोजच्या गाडीत ओळख झालेली आणखी दोन कुटुंबेही घर शोधत आहेत. कागदपत्रे तिघे मिळून एकाच वकिलास दाखवणार आहेत. शंभर कारकुनांपुढे तीन कुटुंबे म्हणजे फार थोडी, पण आरंभ तसाच होत असतो.

मुलीचे काय, असे आम्ही विचारले. ती दिवसभर शेजारच्या वाडीत असते आणि तेथल्या आजींशी कादोडी बोलू लागली आहे, असे त्यांनी सांगितले. आईवडिलांना ती बोली अजून नीट कळत नाही. काही अडले की ते मुलीलाच विचारतात.