दुसऱ्या अल्बमची गोष्ट

1990 साली मुंबईच्या 'रॉक मशीन' या बँडचा दुसरा अल्बम आला. त्याचं नाव 'द सेकंड कमिंग'. पहिला, 'रॉक अँड रोल रेनेगेड', 1988 मध्ये आला होता. आज यात विशेष काही वाटणार नाही. सकाळी फोनवर गाणं रेकॉर्ड करायचं, संध्याकाळपर्यंत ते जगभर पोचतं. पण तेव्हा इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडनं स्वतःची गाणी करणं हाच आगाऊपणा होता. श्रोत्यांची फर्माईश असायची ती डीप पर्पल नाहीतर लेड झेपेलिनची. मूळ रेकॉर्डच्या जो जितका जवळ जाईल, तो तितका भारी.

1984 मध्ये सुरू झालेला रॉक मशीनही आधी दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचा. 1986 पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला आणि या पोरांना हक्काचा मंच मिळाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. आडनावं आपल्या ओळखीची, भाषा इंग्रजी.

स्वतःच्या गाण्यांचा एक अल्बम काढला तर लोक म्हणतात, हौस आहे. दुसरा काढला की तो हट्ट होतो. माझ्या मते 'द सेकंड कमिंग'चं महत्त्व इथं आहे. आम्ही नकला करायला परत जाणार नाही, हे त्यानं सांगून टाकलं.

पुढचं वर्ष 1991. अर्थव्यवस्था खुली झाली, सॅटेलाइट टीव्ही आला आणि त्याच्यासोबत एमटीव्ही. दुसऱ्या अल्बममधलं 'प्रिटी चाइल्ड' त्या पडद्यावर पोचलं आणि 1993 मध्ये त्याला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे तोवर बँडचं नाव बदललं होतं. रॉक मशीनचा आता 'इंडस क्रीड' झाला होता. 'रॉक मशीन' हे नाव जगातल्या कुठल्याही शहरातल्या बँडला चाललं असतं. 'इंडस' म्हणजे सिंधू. दोन अल्बम झाल्यावर या मंडळींना आपला पत्ता सांगावासा वाटला. 1995 चा पुढचा अल्बम त्यांनी याच नावानं काढला.

दुसऱ्या अल्बमची दुसरी गोष्टही मुंबईचीच आहे. विशाल ददलानीच्या 'पेंटाग्राम'चा पहिला अल्बम, 'वुई आर नॉट लिसनिंग', 1996 चा. त्यात गिटारचा दणका होता. दुसरा, 'अप', आला 2002 मध्ये. सहा वर्षांत संगणक घरोघरी पोचू लागला होता आणि संगीत त्यावर रचता येत होतं. 'अप'मध्ये रँडॉल्फ कोरियाच्या गिटारशेजारी इलेक्ट्रॉनिक ताल आणि सिंथेसायझर येऊन बसले. गिटारसाठी आलेल्या श्रोत्यासमोर हे ठेवायला धाडस लागतं. जे जमलंय ते पुन्हा करणं सोपं होतं. त्याच सुमारास ददलानी शेखरसोबत हिंदी सिनेमालाही संगीत देत होता. 'झंकार बीट्स' 2003 चा. सिनेमाचं काम हाताशी असताना बँडनं वेगळी वाट धरली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

इथं कराडमध्ये कुणी विचारेल, याचा आपल्याशी काय संबंध? आपल्याकडं शाहीर आहेत, तमाशा आहे, भजनी मंडळं आहेत. परक्या गिटारीचं कौतुक कशाला?

मग भजनी मंडळातल्या पेटीकडं बघा. हार्मोनियम युरोपातून आली. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' आणलं आणि पुढच्या काळात नाट्यसंगीताचं पेटीवाचून पान हलेना. तरीही 1940 मध्ये आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली. तक्रार अशी की तिच्यात मींड निघत नाही, तिचे स्वर आपले नाहीत. ती बंदी 1971 मध्ये सैल झाली. गावोगावच्या देवळांत मात्र पेटी वाजतच राहिली. लोकांनी तिला आपलं नाव दिलं होतं आणि तिच्यासोबत आपले अभंग म्हटले होते.

या तुलनेत एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पेटीला मराठी शब्द मिळाले. रॉक मशीन आणि पेंटाग्राम इंग्रजीत गायले. त्यामुळं केबल आली तरी तीनशे किलोमीटरवरच्या कराडात ती गाणी थोड्याच घरांत रुजली. आपल्या संगीताच्या इतिहासात त्यांना प्रकरण सोडा, परिच्छेदही मिळत नाही. पण तो इतिहास लिहिताना एवढं तरी नोंदवायला हवं, की नक्कल सोडून स्वतःचं काही करायचा प्रयत्न इथंच, या राज्यात झाला आणि तो एका अल्बमवर थांबला नाही.

आज मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' बास गिटार आणि ड्रम्स घेऊन संतांचे अभंग गातो. राहिलेलं भाषेचं काम ही पोरं करताहेत. कराडच्या एखाद्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्याला ते ऐकवून बघा. ड्रम्सबद्दल तो कुरकुरेल, पण शब्द त्याला पाठ असतील.