माउलींच्या वाटेवरचे घाट आणि मुक्काम

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला येऊन ज्ञानोबांच्या पादुकाही त्यात ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली. वारी त्याआधीही होतीच, पालखीचा सोहळा तेव्हापासूनचा.

आज आळंदीहून निघणाऱ्या सोहळ्याला शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गुहेत डांबलं आणि ते हरिपाठ म्हणत राहिले, अशी कथा वारकरी सांगतात. सुटका झाल्यावर ते घरी गेले नाहीत, आळंदीलाच राहिले. १८३२च्या सुमारास त्यांनी माउलींची, म्हणजे ज्ञानोबांची, स्वतंत्र पालखी सुरू केली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले. त्यांचे अश्व आजही येतात. त्यातल्या एकावर कुणीच बसत नाही, तो माउलींचा.

लष्करात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर या सोहळ्यात जागोजागी दिसते. पालखीच्या रथापुढे वारकऱ्यांच्या २७ दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीची जागा ठरलेली. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. तिथे रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात, आणि वारीतली ही सर्वांत लांबची चाल. म्हणूनच की काय, पुढे सासवडला पालखी दोन रात्री थांबते. कुठे चालायचं आणि कुठे टेकायचं हे वारकरी स्वतः ठरवत नाही. चढ त्याने ठरवलेला नसतो, विसावाही नसतो. दोन्ही माउलींच्या मागे जाताना वाट्याला येतात आणि तो ते सारख्याच मनाने घेतो. वारीची खरी ताकद इथे आहे.

मुक्कामाची समाजआरती पाहण्यासारखी असते. दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदाराने दंड उंचावला की सगळं थांबतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते. मगच आरती.

२०२०मध्ये करोनाने मात्र सक्तीचा विसावा दिला. प्रस्थान मोजक्या माणसांत झालं, पादुका आळंदीतच मुक्कामी राहिल्या आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, दशमीला, एसटी बसने पंढरीला गेल्या. आयुष्यभर चाललेल्यांना त्या वर्षी घरी थांबणं घाटापेक्षा जड गेलं असणार. तरी त्यांनी ते पाळलं. २०२१लाही बसच. २०२२ला वाट पुन्हा भरली.

एकादशीनंतर पालखी पौर्णिमेपर्यंत पंढरपुरात असते. गोपाळपूरला काला झाला की परतवारी सुरू होते. जाताना अडीच आठवडे लागतात, तीच वाट परतताना साधारण दहा दिवसांत उरकते. लाखोंची गर्दी पांगलेली असते, टप्पे मोठे असतात, पाऊस ऐन भरात असतो. त्यातही काही दिंड्या पादुका आळंदीला पोहोचेपर्यंत सोबत चालतात.