गुडघ्यातली गादी : कापण्यापासून जपण्यापर्यंत

मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. बोलीभाषेत त्यांना गुडघ्याची गादी म्हणतात. पाय जमिनीवर रोवलेला असताना अंग वळले, की गादी हाडांत चिमटून फाटते. फुटबॉलपटू आणि मल्लांच्या गुडघेदुखीचे हे एक मोठे कारण आहे.

चालता चालता अडकणाऱ्या गुडघ्याचे वर्णन लीड्सचे शल्यचिकित्सक विल्यम हे यांनी १८०३ मध्ये केले. एडिंबरोच्या थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ मध्ये एका खाणकामगाराची निसटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली. पण हा मार्ग मागे पडला. गादी म्हणजे स्नायूंचा निरुपयोगी अवशेष, असे मत १९व्या शतकाच्या अखेरीस मांडले गेले, आणि फाटलेली गादी पूर्ण काढून टाकणे हाच पुढे अनेक दशके रूढ उपचार राहिला. खेळाडू मैदानावर परतत, त्यामुळे उपचार यशस्वी वाटे.

त्याची किंमत कालांतराने दिसली. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये हाडांमधले अंतर कमी होते आणि मांडीच्या हाडाचे टोक चपटे होते, हे थॉमस फेअरबँक यांनी १९४८ मध्ये दाखवले. पाय सरळ असताना सांध्यावरचा सुमारे निम्मा भार गादीच पेलते, हे पुढील प्रयोगांतून कळले. ती गेली की तो भार थेट हाडांवरच्या कूर्चेवर येतो आणि सांधा लवकर झिजतो.

गादी वाचवण्याचे साधन टोकियोत घडले. केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीने मृतदेहाचा गुडघा पाहिला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गादीचा फक्त फाटलेला भाग काढला. हिरोशी इकेउची यांनी १९६९ मध्ये दुर्बिणीतूनच टाके घातले.

गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथली फाट टाक्यांनी चांगली भरून येते. टाके घातल्यावर मैदानावर परतायला गादीचा तुकडा काढल्यापेक्षा जास्त महिने लागतात, आणि तेवढा काळ मांडीच्या स्नायूंचा क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम करावा लागतो. वयोमानाने झिजून फाटलेल्या गादीला मात्र आधी व्यायामच सुचवला जातो.