मराठवाड्यातील इंग्रजीचा वर्ग

इंग्रजी विषय घेऊन बी.ए. केले तर पुढे काय, हा प्रश्न बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामातील आईबाप हटकून विचारतात. नांदेड-लातूरकडे या प्रश्नाला निराळाच इतिहास आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि कोकण-देशावरचा तरुण इंग्रजीच्या बळावर कचेरीत, न्यायालयात, शाळेत शिरला. नांदेड आणि लातूर मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला आधी उर्दूचा डोंगर चढावा लागे, मग इंग्रजीचा. तेथे 'दारुल तर्जुमा' नावाचे अनुवाद खाते होते. इतिहास, कायदा, विज्ञान यांवरील इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी तेथे विद्वान पगारावर नेमलेले असत. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग खरोखर थोर होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा त्यात नव्हती. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. उर्दूतून शिकत आलेल्या त्या मुलांना तेथे एकदम इंग्रजी माध्यमाला तोंड द्यावे लागले.

मुक्तीनंतर चित्र पालटले. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आले. निजामी सत्तेशी लढलेल्या स्वामीजींनी त्या लढ्याच्या आठवणी १९६७ साली प्रसिद्ध केल्या, त्या इंग्रजीत! मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिदिनीच, सुरू झाले आणि त्याला स्वामीजींचेच नाव मिळाले. लातूरच्या मुलाला एम.ए.साठी आता औरंगाबाद गाठण्याची गरज उरली नाही.

त्या औरंगाबादच्या इंग्रजी विभागात भालचंद्र नेमाडे शिकवीत होते. पोटापाण्यासाठी इंग्रजी शिकवणारा हा प्राध्यापक लिहीत राहिला तो मराठीतच, आणि ज्ञानपीठ पुरस्कार त्याला मिळाला तो मराठी लेखनासाठी. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे तर काय सांगावे? ते जन्माने इंग्रज, पण त्यांचे नाव आजवर टिकले ते मराठी 'ख्रिस्तपुराणा'मुळे.

नोकरीचे म्हणाल, तर प्राध्यापकी ही या पदवीची जुनी वाट. तिच्यासाठी एम.ए.नंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते, आणि तरीही कित्येकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबावे लागते. पालकांपासून हे लपवू नये. बी.एड. केलेल्याला शाळेत त्यामानाने लवकर जागा मिळते. बँका व स्पर्धा परीक्षा इंग्रजीवाल्यांना खुल्या आहेत, तशा त्या इतरांनाही आहेत.

मला अधिक मोलाची वाटते ती दुभाष्याची वाट, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. किनवट किंवा निलंग्याच्या न्यायालयात शेताच्या बांधाचा दावा मराठीत चालतो. साक्षी मराठीत, सातबारा मराठीत, जुने कागद कधी उर्दूत. तोच दावा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला, की सारे इंग्रजीत हवे. हे खंडपीठ १९८१ पासून काम करीत आहे. येथे नुसते चटपटीत इंग्रजी बोलून भागत नाही. 'कूळ', 'इनाम', 'वहिवाट' या शब्दांचा नेमका अर्थ ज्याला घरच्या भाषेतून ठाऊक आहे, त्यालाच तो इंग्रजीत उतरवता येतो. एक शब्द चुकला तर एखाद्या कुटुंबाची चार एकर जमीन पणाला लागते. मुलांना पहिलीपासून मराठीपासून तोडून इंग्रजीत पारंगत करू पाहणारे पालक नेमके हेच कौशल्य त्यांच्या हातून काढून घेत आहेत.