वारणेचा ऊस, ५४ कॉम्प्युटर आणि एक एसएमएस

आजचा भाग खास करून त्यांच्यासाठी, जे पाचसहा जणांच्या टीममध्ये बसून सॉफ्टवेअर बनवतात किंवा बनवायला शिकतायत. पण गोष्ट उसाची आहे. उंब्रजमध्ये बसून बोलतोय म्हटल्यावर ऊस येणारच, त्याला इलाज नाही.

उंब्रजवरून हायवेनं दक्षिणेला निघा. कराड गेलं, पेठ नाका गेला, की पुढं वारणा नदी लागते. इकडं सांगली जिल्हा, पलीकडं कोल्हापूर. नदीपलीकडं पन्हाळा तालुक्यात वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात तिथं सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला आणि पुढं त्याच्याभोवती दूध संघ, बाजार, कॉलेज असं सगळं उभं राहिलं.

आता १९९८ साली या. वाजपेयींचं सरकार नुकतंच आलेलं, माहिती तंत्रज्ञानासाठी केंद्रानं टास्क फोर्स नेमलेला. सामान्य माणसासाठी देशात इंटरनेट सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. गावात फोन करायचा तर एसटीडी बूथ. अशा काळात वारणा परिसरातली ७० गावं 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पासाठी निवडली गेली. काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडं, म्हणजे एनआयसीकडं. खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, उरलेला वारणेचा. गावोगावी मिळून ५४ केंद्रं उघडली, तिथं कॉम्प्युटर बसवले. शेती, आरोग्य, शिक्षण यांची माहिती मराठीतून मिळणार होती आणि जगाचं ज्ञान गावकऱ्याच्या दारात येणार होतं.

या लोकांना आज हसणं सोपं आहे. मी हसणार नाही. त्यांच्यासमोर नकाशा कोराच होता आणि मराठीतून काहीतरी द्यायचं हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आज कितीतरी कंपन्यांना ते अजून कळलेलं नाही.

पण ऊसवाल्याला काय कळायला हवं असतं, ते बघूया.

आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. लागण झाली की कारखान्याकडं नोंद करायची: गट नंबर, क्षेत्र, जात, तारीख. त्या नोंदीच्या तारखेवर तोडणीची पाळी ठरते. नोंद चुकली, एक महिना इकडंतिकडं झाला, की पाळी मागं पडते. ऊस रानात उभा राहतो, तुरा येतो, वजन घटतं, पुढच्या खोडव्याचं गणित बिघडतं. शेवटी टोळी येते, ऊस तुटतो, गाडीत भरून कारखान्याच्या काट्यावर जातो. शेतकरी बहुतेक वेळा काट्यावर नसतो. मग किती टन भरला? ते विचारायला गट ऑफिसला हेलपाटा, नाहीतर थेट कारखान्यावर. साहेब जेवायला गेले असले तर उद्या परत. मधल्या काळात खतं उधारीवर उचललेली असतात, ती बिलातून कापली जातात. किती कापली, तोही हिशोब हवाच.

म्हणजे माझी पाळी कधी, माझं टनेज किती, माझ्या नावावर खत किती. वर्षाकाठी पोटाला चिमटा या तीन आकड्यांवरून बसतो.

२००५ नंतर बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा ही मंडळी वारणेला आली. (आपल्याच हायवेचं दुसरं टोक, बघा.) त्यांनी केंद्रांवर काय चालतं ते पाहिलं, शेतकऱ्यांशी बोलले. जगाचं ज्ञान वगैरे काही चालत नव्हतं. कॉम्प्युटरचा वापर जवळपास सगळा कारखान्याच्या ऊस-व्यवहारासाठीच होता: खत, तोडणी परवाना, वजन. महागडी यंत्रं, त्यांची दुरुस्ती, वीज, डायलअप, सगळा खटाटोप थोड्याशा मजकुराची ने-आण करायला.

तेवढा मजकूर तर एसएमएसमध्ये मावतो! देवनागरीत पाठवला तर एका मेसेजमध्ये ७० अक्षरं, पण आकड्यांना कितीशी जागा लागते? त्यांनी कारखान्यातल्या कॉम्प्युटरला फोन जोडला. गावातून ठरलेल्या कोडमध्ये मेसेज यायचा, उलट मेसेजमध्ये माहिती जायची. सात गावांत आठ महिने ही चाचणी चालली. कॉम्प्युटरवर जे होत होतं ते सगळं फोनवर झालं, स्वस्तात झालं, आणि शेतकऱ्यांना तेच जास्त पसंत पडलं. सगळी गावं फोनवर नेली तर कारखान्याचे वर्षाला दहा लाखांहून जास्त रुपये वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. प्रकल्पाचं नाव ठेवलं 'वारणा अनवायर्ड'. टोमणा आहे की नाही, तुम्ही ठरवा.

मला यात फोनपेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. ५४ केंद्रांवर आठेक वर्षं रोज माणसं येत होती आणि काय मागत होती ते केंद्र चालवणाऱ्या पोराला पाठ होतं. नवीन टीमनं ते जाऊन पाहिलं आणि विचारलं. कागदावर मात्र 'माहितीचा अभाव' ही समस्या लिहिलेली होती. अभाव कुठल्या माहितीचा, हे त्या वाक्यात नव्हतंच.

पण एसएमएसवाल्यांनाही सगळं सापडलं असं मी म्हणणार नाही. पाळीची तारीख फोनवर कळली म्हणून टोळी त्या तारखेला येते का? आमच्याकडं रानात टोळी आली की 'खुशाली' मागतात, गाडीच्या ड्रायव्हरला 'एन्ट्री' द्यावी लागते. नाही दिली तर ऊस उभा. हा पैसा कुठल्याही नोंदवहीत चढत नाही. आज बऱ्याच कारखान्यांचा वजनाचा मेसेज वेळेवर येतो, नोंदणीची ॲपही निघालीत. खुशालीचा रकाना कुठल्याच ॲपमध्ये मी पाहिलेला नाही. तोयामांनी २०१५ च्या 'गीक हेरसी' या पुस्तकात साधारण हेच मांडलंय: यंत्र माणसांच्या आधीच्या ताकदीला जोर देतं, नसलेली ताकद आणून देत नाही.

आता टोळीवाला खुशाली का मागतो, त्याच्या उचलीचा हिशोब कसा चालतो, मुकादम मध्ये किती ठेवतो, हे त्याच्याच बाजूनं ऐकायला हवं. पुढचा भाग त्यावर. तुमच्या गावात यंदा एकरी काय मागितलं, ते व्हॉइस मेसेजनं पाठवा, नाव सांगायची गरज नाही.