पाव : एका रूपाची तीन कुळे

गोव्यातल्या पेडण्याच्या बाजारात हरमलची मिरची पाव किलो घेतली जाते, डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर भक्ताला पावतो, आणि सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर दारोदार पाव विकतो. रूप एकच दिसले तरी हे शब्द तीन वेगळ्या कुळांतले आहेत.

मोजमापातला पाव संस्कृत ‘पाद’वरून आला. पाद म्हणजे पाय. चारांतला एक, म्हणून चौथा हिस्सा. प्राकृतात त्यातला ‘द’ गळाला. पावशेर आणि चार आण्यांची पावली त्याच घराण्यातली. ‘पादोन’, म्हणजे चौथ्या हिश्शाने कमी, यातून पाऊण आणि पावणेदोनमधला ‘पावणे’ निघाला. देवाचे पावणे मात्र ‘प्राप्’ धातूचे. तिथे दुसऱ्या ‘प’चा ‘व’ झाला. पैसे पोचल्याची पावती याच धातूची.

खायचा पाव पोर्तुगीजांबरोबर आला. लॅटिन ‘पानिस’मधला ‘न’ पोर्तुगीजात गळाला आणि उच्चार नाकातला झाला. मराठीने तो अनुनासिकही सोडला. पाव भाजणारा तो ‘पादेइरु’, त्याचाच पोदेर झाला. पोर्तुगीज सत्ता तिसवाडीत 1510 पासून होती. पेडणे आणि डिचोली मात्र 1781 ते 1788 या काळात, नव्या काबिजादींत म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या मुलखात गेले. मराठीचे वळण इथे मुरलेले होते आणि आधीचे दोन्ही पाव रोजच्या बोलण्यात होते. नवा शब्द त्यांच्याच रूपात येऊन बसला.

या पावाचे पीठ पूर्वी माडाच्या सुरेने आंबवत. ही सूर ‘सुरा’वरून आली, गाण्यातला सूर ‘स्वर’वरून.

इंग्रजीतही अशी जुळणी आहे. सोबती या अर्थाचा ‘कम्पॅनियन’ ‘पानिस’चाच वंशज : एकत्र भाकरी खाणारा. कोठीघराचे ‘पँट्री’ हे नावही त्याच मुळाचे. तव्याचा ‘पॅन’ मात्र जुन्या जर्मॅनिक शब्दावरून आला, आणि वेदनेचा ‘पेन’ दंड या अर्थाच्या लॅटिन ‘पोएना’वरून. ‘बँक’चे मात्र उलट, दोन्ही अर्थांचे मूळ एकच जर्मॅनिक : नदीकाठ हा अर्थ स्कँडिनेव्हियन वळणाने इंग्रजीत आला, पेढीचा अर्थ सराफाच्या बाकावरून, इटालियनमधून.

उच्चार सारखा म्हणून कूळ एक मानण्याची चूक ‘पाव’सारख्या शब्दांत होते. शब्द झिजताना कोणते व्यंजन गळाले किंवा बदलले हे तपासल्याशिवाय नाते ठरवता येत नाही. म्हणून ‘पाव’च्या तीन अर्थांना कोशात तीन स्वतंत्र नोंदीच हव्यात.